सुदर्शन आणि दुर्दर्शन : गिरनारच्या खडकावरील तीन साम्राज्ये

१

प्राचीन साम्राज्यांविषयी लिहिताना उदय, उत्कर्ष आणि ऱ्हास ही त्रिपदी आपण इतक्या सहजपणे वापरतो की, ती मुळात एक कथनरीती आहे याचे भान सुटते. मौर्यांचा उदय, गुप्तांचे सुवर्णयुग, हूणांच्या स्वाऱ्या आणि अंधार : पाठ्यपुस्तकांतील प्रकरणे याच क्रमाने पडत आली आहेत. या कथनाचा नायक राजा असतो आणि साम्राज्य हे जणू त्याच्या देहाचेच विस्तारित रूप असते. या रीतीचा उगम पुष्कळ अंशी त्या साम्राज्यांनीच मागे ठेवलेल्या संहितांत आहे. ज्या प्रशस्तींतून आपण नावे, सनावळ्या आणि प्रदेशांच्या याद्या वेचतो, त्यांचा जीवितहेतूच राजाला कर्ता ठरविणे हा होता. साधन म्हणून वापरलेली संहिता आपली दृष्टीही आपल्यावर लादते. म्हणून साम्राज्यांच्या इतिहासाचा प्रश्न हा काही प्रमाणात वाङ्मयीन समीक्षेचाही प्रश्न ठरतो. लेखात काय सांगितले आहे, याबरोबरच तेथे कोण बोलतो, कोणाला उद्देशून बोलतो, कोणत्या भाषेत व कोणत्या रूपबंधात बोलतो, हे विचारावे लागते.

असे विचारण्यासाठी सौराष्ट्रातील जुनागढजवळच्या, गिरनारच्या वाटेवरील खडकाइतके सोयीचे स्थळ भारतात क्वचितच सापडेल. या एकाच खडकावर तीन राजवटींचे लेख आहेत. इ. स. पू. तिसऱ्या शतकाच्या मध्यास कोरलेली अशोकाची चौदा शिलाशासने, इ. स. १५० मधील एका वादळाची व त्यानंतरच्या दुरुस्तीची हकीकत सांगणारा महाक्षत्रप रुद्रदामन् याचा लेख; आणि गुप्त संवत् १३६ ते १३८, म्हणजे इ. स. ४५५ ते ४५८ च्या सुमाराचा, स्कंदगुप्ताच्या कारकीर्दीतील लेख. पहिल्या आणि तिसऱ्या लेखात सुमारे सात शतकांचे अंतर आहे. यांपैकी शेवटचे दोन लेख एकाच वस्तूविषयी आहेत. ती वस्तू म्हणजे सुदर्शन नावाचा तलाव आणि त्याचा वारंवार फुटणारा बांध.

जेम्स टॉड याने १८२२ मध्ये हा खडक पाहिला. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी उलगडली आणि खडक बोलू लागला. तेव्हापासून इतिहासकारांनी त्याचा उपयोग बहुधा खाणीसारखा केला. साहित्याच्या अभ्यासकांनी त्याकडे वळून पाहिले ते निराळ्या कारणाने. संस्कृत काव्याला मधली काही शतके निद्रा आली होती आणि पुढे त्याचे पुनरुज्जीवन झाले, या माक्स म्युलरच्या मताला ग्योर्ग ब्यूलरने १८९० मध्ये कोरीव लेखांच्या आधारे उत्तर दिले. त्या उत्तरात रुद्रदामनाच्या गद्याला महत्त्वाचे स्थान होते. मात्र खाण आणि नमुना या दोन्ही भूमिकांत एक गोष्ट निसटते. हे तीन लेख एकमेकांशेजारी उभे आहेत आणि नंतरचा लेख आधीच्याच्या सावलीत लिहिला गेला आहे. त्यांचे एकत्र वाचन केले तर साम्राज्य कसे वाढते, कशावर तगते आणि कोठून विरते, याचे वंशवृक्षाहून अधिक बोलके चित्र हाती येते.

२

प्रथम अशोकाचा लेख घ्यावा. येथे बोलणारा राजा स्वतः आहे. देवांचा प्रिय प्रियदर्शी राजा असे म्हणतो, या सूत्राने शासनाला आरंभ होतो आणि पुढे वाक्ये प्रथमपुरुषात उतरतात. आपण जेवत असू, अंतःपुरात असू वा उद्यानात असू, वार्ता आणणाऱ्यांनी प्रजेचे काम आपल्या कानी घालावे, असे सहावे शासन सांगते. युक्त, रज्जुक आणि प्रादेशिक या अधिकाऱ्यांनी दर पाच वर्षांनी दौऱ्यावर निघावे, अशी आज्ञा तिसऱ्यात आहे. पाचव्यात धर्ममहामात्र या नव्या पदाची वार्ता आहे. मगधात राहणारा राजा सौराष्ट्रातील वाटसरूशी, मध्ये कोणी नसल्याप्रमाणे बोलू पाहतो. विस्ताराच्या काळातील साम्राज्याची ही भाषा आहे. अंतर नाहीसे करण्याची तिला घाई आहे.

तथापि ही घाई संहितेत पुरती लपत नाही. गिरनारची भाषा पूर्वेकडील लेखांच्या भाषेहून वेगळी आहे. पूर्वेकडे ‘लाजा’ असलेला राजा येथे ‘राजा’ होतो. वायव्येकडे लिपीच बदलून खरोष्ठी होते आणि १९५८ मध्ये उजेडात आलेल्या कंदाहारच्या लेखात राजा ग्रीक व अरमाईक भाषांत बोलतो. कलिंगयुद्धातील एक लाखाच्या संहाराची व दीड लाख माणसांच्या देशांतराची कबुली देणारे तेरावे शासन गिरनारला कोरले गेले. प्रत्यक्ष कलिंगात, धौली व जौगड येथे, ते वगळून त्याजागी वेगळे लेख घातले गेले. ज्यांच्यावर आघात झाला त्यांनाच पश्चात्ताप ऐकविला नाही. चौदाव्या शासनात तर अशोक आपल्या संहितेचा स्वतःच संपादक होतो. राज्य मोठे आहे, म्हणून काही मजकूर संक्षेपाने, काही मध्यम, काही विस्ताराने लिहिला. अर्थाच्या गोडीमुळे काही पुन्हा सांगितला. आणि कोठे अपुरे राहिले असेल तर तो लिपिकाराचा दोषही असू शकेल, असा त्याचा आशय आहे. एवढ्या मोठ्या सत्तेचा शब्द अखेरीस दूरच्या एका पाथरवटाच्या हातावर अवलंबून होता, याची ही राजाच्याच तोंडची नोंद आहे. रोमिला थापर यांनी १९८७ मध्ये मौर्य साम्राज्याचा फेरविचार करताना ते एकसंध यंत्र नसून केंद्र, गाभ्याचे प्रदेश आणि परिघ अशी त्याची विषम घडण होती, असे मांडले. शिलाशासनांच्या पाठभेदांतूनही तीच विषमता वाचता येते.

या शासनांत आणखी एक मौन आहे आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने तेच सर्वांत महत्त्वाचे. दुसऱ्या शासनात विहिरी, वाटेवरची झाडे, माणसांचे व पशूंचे औषधोपचार यांचा उल्लेख आहे. पण ज्या डोंगराच्या पायथ्याशी ही शासने कोरली त्याच परिसरातील सुदर्शन तलावाविषयी त्यांत एक शब्द नाही. तो तलाव चंद्रगुप्त मौर्याचा राष्ट्रीय, म्हणजे प्रांताधिकारी, वैश्य पुष्यगुप्त याने बांधविला आणि अशोकाच्या वतीने यवनराज तुषास्फ याने त्याला पाट काढून दिले, हे आपल्याला सांगतो तो चारशे वर्षांनंतरचा रुद्रदामन्. चंद्रगुप्ताची सत्ता पश्चिम समुद्रापर्यंत पोहोचल्याचा कोरीव पुरावाही हाच. साम्राज्याचा शब्द धर्माविषयी बोलत राहिला. जमिनीशी त्याचा जो सांधा होता, तो पाण्याचा बांध, शब्दाबाहेर राहिला. मौर्य गेल्यावरही मागे उरला तो हा सांधाच.

३

रुद्रदामनाच्या लेखात भाषा बदलते आणि तिच्याबरोबर बोलणाराही. मोठ्या विस्ताराचा, उत्तम संस्कृत गद्यातील हा आपल्याला उपलब्ध असलेला पहिला कोरीव लेख. येथे राजा बोलत नाही. त्याच्याविषयी बोलले जाते. आज्ञेची जागा प्रशस्तीने घेतली आहे. लांबलचक समासांनी वाक्य फुगत जाते आणि क्रियापद दूर सरकत राहते. राजा शब्द, अर्थ, गांधर्व आणि न्याय या विद्यांत पारंगत आहे. त्याचे गद्य-पद्य स्फुट, लघु, मधुर, चित्र, कांत आणि उदार आहे, असे लेख सांगतो. पुढे काव्यशास्त्रात गुण म्हणून स्थिर झालेली ही परिभाषा इ. स. दुसऱ्या शतकात राजाच्या गुणवर्णनात वावरताना दिसते, ही साधी गोष्ट नव्हे. राज्य करणे आणि नेमके लिहिणे यांत येथे नाते जोडले गेले आहे.

हे नाते जोडण्याची निकड कोणाला होती? चष्टनाचा नातू असलेला हा राजा शक कुळातला. त्याची पदवी ‘क्षत्रप’. हा शब्दच प्राचीन इराणी साम्राज्याच्या प्रांताधिकाऱ्याचा. एका विलयाला गेलेल्या साम्राज्याचे कारभारी-पद दुसऱ्या भूमीत राजपद झाले होते. महाक्षत्रप ही पदवी त्याने स्वतः मिळविली आणि सर्व वर्णांनी त्याला स्वामी म्हणून वरले, असे लेख आवर्जून सांगतो. इतके आवर्जून सांगावे लागते तेथे शंकेला जागा असते. धार्मिक विधींच्या परिसरातील संस्कृत राजकीय उच्चाराची भाषा कशी झाली, याचे विवेचन शेल्डन पोलॉक यांनी २००६ च्या आपल्या ग्रंथात केले आहे. त्यातही बाहेरून आलेल्या राजकुळांचा वाटा लक्षणीय ठरतो.

याच काळात दक्षिणेत सातवाहन प्राकृतालाच धरून होते. नाशिकच्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षी गौतमी बलश्रीने आपल्या दिवंगत पुत्राची, गौतमीपुत्र सातकर्णीची, प्रशस्ती कोरविली. तीत त्याच्या प्रदेशांची यादी आहे. सुराष्ट्र, कुकुर, अपरांत, अनूप, आकरावंती ही नावे त्या यादीत आहेत आणि रुद्रदामनाच्या यादीतही आहेत. शिवाय रुद्रदामन् सांगतो की, दक्षिणापथाच्या सातकर्णीला आपण दोनदा जिंकले, पण जवळच्या नात्यामुळे त्याचा उच्छेद केला नाही. एकीकडे शक-यवन-पल्हवांच्या संहाराचा गौरव, दुसरीकडे सोयरिकीची आठवण. दोन्ही याद्यांतील मुलूख जागचा हलला नाही. यादीच्या शिरोभागी असलेले नाव मात्र बदलले. साम्राज्य ‘वाढले’ असे आपण नकाशावर रंगवितो, तेव्हा पुष्कळदा अशा याद्यांच्या स्पर्धेलाच भूगोल समजत असतो.

या लेखाचा खरा विषय मात्र दिग्विजय नाही. संवत् ७२ च्या मार्गशीर्ष वद्य प्रतिपदेला प्रचंड वादळ झाले. ऊर्जयत् पर्वतावरून येणाऱ्या सुवर्णसिकता, पलाशिनी आदी नद्यांना पूर आला. झाडे, शिखरे, माड्या कोसळल्या आणि बांधाला ४२० हात लांब, तितकेच रुंद आणि ७५ हात खोल असे भगदाड पडले. पाणी वाहून गेले आणि तलाव मरुभूमीसारखा ‘दुर्दर्शन’ झाला. सुदर्शनाचे दुर्दर्शन होणे हा श्लेष साधा आहे, पण त्या एका उपसर्गात सत्तेची सारी भीती साठली आहे.

पुढे जे घडते ते प्रशस्तीच्या शिस्तीत न बसणारे आहे. मतिसचिव आणि कर्मसचिव, म्हणजे सल्ला देणारे व काम पाहणारे मंत्री, एवढे मोठे भगदाड पाहून या कामाला विरोध करतात. बांध पुन्हा होण्याची आशा सुटून प्रजा हाहाकार करते. अखेरीस आनर्त-सुराष्ट्राच्या पालनासाठी नेमलेला पल्हव अमात्य, कुलैपाचा पुत्र सुविशाख, हे काम तडीस नेतो. राजाने आपल्याच कोशातून मोठे द्रव्य खर्चिले. कर, विष्टी आणि प्रणय यांचा जाच पौर-जानपदांना होऊ दिला नाही. नकारार्थी वाक्य हा येथे मोलाचा दस्तऐवज ठरतो. विष्टी म्हणजे वेठ. प्रणय म्हणजे संकटकाळी, प्रेमाने दिलेली भेट या नावाखाली घेतली जाणारी वसुली. कोश रिता झाला असता ती कशी करावी हे कौटिलीय अर्थशास्त्रात सांगितले आहे. वसुलीला प्रेमाचे नाव देणारी राजनीती शब्दशक्तीची जाणकार होती, यात शंका नाही. यावेळी वेठ व वसुली केली नाही हे खडकावर कोरावे लागते, याचा अर्थ एरवी ती होत असे. बांधावर माती वाहणाऱ्यांचा आपल्याला सापडणारा ठसा एवढाच : राजाच्या औदार्याच्या वाक्यातील एक अभाव.

अर्थशास्त्राच्या काळाचा वादही येथे आठवतो. र. पं. कंगले यांनी मुंबई विद्यापीठासाठी सिद्ध केलेल्या संहितेने त्या ग्रंथाच्या अभ्यासाला भक्कम पाया दिला. ग्रंथ मौर्यकालीन की नंतरचा, यावर मतभेद राहिले. पॅट्रिक ऑलिव्हेल यांनी २०१३ च्या अनुवादग्रंथात तो पुष्कळ नंतरच्या घडणीचा मानला आहे. रुद्रदामनाच्या लेखातील विष्टी, प्रणय, अमात्यगुण या शब्दांशी असलेली त्याची जवळीक या वादात विसरता येत नाही. आपल्यापुरता मुद्दा असा की, सत्ता टिकविणे म्हणजे काय, याचे उत्तर हा लेख स्पष्ट देतो. टिकविणे म्हणजे डागडुजी. आधीच्या राजवटीने बांधलेले पुन्हा उभे करणे आणि ते करताना त्या राजवटीची नावे आपल्या वाक्यात सामावून घेणे. चंद्रगुप्त आणि अशोक यांची आठवण शक राजाने जपली, यात कृतज्ञतेइतकाच वारसाहक्काचा दावाही आहे.

४

सुमारे तीनशे वर्षांनी बांध पुन्हा फुटला. गुप्त संवत् १३६ च्या भाद्रपदात, षष्ठीच्या रात्री. हा तिसरा लेख पद्यात आहे. दीर्घकाळ अडविलेल्या नद्या पती समुद्राकडे धावल्या, अशी उत्प्रेक्षा येते. आणि सुदर्शन क्षणात दुर्दर्शन झाले, हा श्लेष पुन्हा येतो. शेजारच्याच लेखातील शब्द असा परत यावा, हा योगायोग मानणे कठीण. तिसऱ्या लेखाच्या कवीने दुसरा लेख वाचला असावा. साम्राज्ये बदलली तरी खडकाची स्वतःची एक वाङ्मयपरंपरा झाली होती. हा लेख आपल्या पूर्वार्धाच्या शेवटी स्वतःला सुदर्शनतटाकाच्या संस्काराची ‘ग्रंथरचना’ म्हणवून घेतो. ‘संस्कार’ हा शब्द दुरुस्तीलाही लागतो आणि भाषेच्या घडणीलाही. बांधाचा संस्कार आणि शब्दाचा संस्कार येथे एकाच समासात नांदतात.

रचना सुबक झाली आहे. सत्तेचे केंद्र मात्र सरकले आहे. आरंभी स्कंदगुप्ताचा गौरव आहे. लक्ष्मीने इतर राजपुत्रांना टाळून स्वतः त्याला वरले, हे विधान उत्तराधिकाराच्या कलहाची शंका जागविणारे. त्याच्या राज्यात अधर्मी, आर्त, दरिद्री वा दंडाने अति पीडिलेला असा कोणीच नव्हता, असा सर्वव्यापी नकारही आहे. त्यानंतर लगेच राजा चिंतेत पडलेला दिसतो. सुराष्ट्राचे रक्षण कोण करू शकेल, याचा तो अहोरात्र विचार करतो आणि पर्णदत्ताचे नाव निश्चित करतो. पश्चिमेला वरुणाची नेमणूक करून देव जसे निश्चिंत झाले, तसा पर्णदत्ताला पश्चिमेला ठेवून राजा निश्चिंत झाला, अशी उपमा आहे. अशोकाचा राजा कोठेही, केव्हाही स्वतः वार्ता ऐकण्यास तयार होता. स्कंदगुप्ताचा राजा एका योग्य माणसाच्या हाती प्रांत सोपवून सुटकेचा श्वास टाकतो.

येथून पुढे राजा जवळजवळ दिसत नाही. पर्णदत्त आपला पुत्र चक्रपालित याला नगराच्या रक्षणासाठी नेमतो. हसतमुख बोलणे, मान, दान, एकमेकांच्या घरी जाणे-येणे यांनी चक्रपालित पौरांना आपलेसे करतो. बांध फुटतो तेव्हा तोच देवांची पूजा करून अपार धन खर्चितो आणि दुसऱ्या वर्षी काम पुरे करतो. १३८ मध्ये चक्रधर विष्णूचे मंदिरही तोच बांधतो. आता तीन लेखांतील बांधकर्त्यांची मालिका पाहावी : वैश्य पुष्यगुप्त, यवनराज तुषास्फ, पल्हव सुविशाख, आणि मग पर्णदत्त-चक्रपालित. आधीचे तिघे वरून नेमलेले आणि एकेकटे आहेत. शेवटी प्रथमच पिता व पुत्र येतात. अधिकारपद घराण्यात शिरले आहे आणि प्रजेशी असलेले जिव्हाळ्याचे नाते राजाशी न राहता त्या घराण्याशी जुळले आहे. हे सर्व लेख गौरवाने सांगतो. ऱ्हासाची चाहूल त्याला नाही. पण साम्राज्य कोठे उसवू लागले, ते त्याच्या रचनेतूनच वाचता येते.

५

स्कंदगुप्ताच्या मृत्यूनंतर, म्हणजे इ. स. ४६७ च्या सुमारानंतर, सौराष्ट्रातील गुप्तांची सत्ता ओसरली. तेथे उभे राहिले वलभीचे मैत्रक घराणे. त्याचा संस्थापक भटार्क आणि त्याचा पुत्र पहिला धरसेन हे दोघेही स्वतःला ‘सेनापती’ म्हणवीत. द्रोणसिंहापासून ‘महाराज’ ही पदवी येते आणि तिच्यासाठीही परमस्वामीने स्वतः अभिषेक केल्याचा हवाला दिला जातो. संवत् गुप्तांचाच चालू राहतो. पुढे त्याला वलभी संवत् म्हणतात. क्षत्रपांच्या बाबतीत जे घडले होते तेच येथे पुन्हा दिसते : साम्राज्य मावळल्यावर त्याचे कारभारी-पद राजपद होते आणि त्याचे कालमान वारसा म्हणून उरते. अशा वेळी ‘पतन’ हा शब्द फार ढोबळ वाटू लागतो. हूणांचे आघात, वारसांचे कलह, सुवर्णनाण्यांतील सोन्याचा घटता अंश ही कारणे नाकारण्याचे कारण नाही. ती केंद्राचे दुबळेपण सांगतात. प्रांतात सत्ता कोणत्या रूपाने पुढे चालली, हे त्यांतून कळत नाही.

मैत्रकांची संहिता खडकावर नाही, ताम्रपटांवर आहे. त्यांची दानपत्रे मोठ्या संख्येने मिळाली आहेत. अमुक ब्राह्मणाला वा अमुक विहाराला, अमुक गावातील इतके पादावर्त शेत, अमुक वापी, चतुःसीमा अशा : पाण्याचा उल्लेख येथे वापीच्या, एका विहिरीच्या, मापाने येतो आणि तिला एक नामनिर्दिष्ट धनी असतो. खडक येणाऱ्या-जाणाऱ्या सर्वांसाठी होता. ताम्रपट दान घेणाऱ्याच्या पेटीत राहतो आणि वाद झाला तरच बाहेर येतो. रा. श. शर्मा यांनी १९६५ च्या ग्रंथात भूदानांच्या या वाढीत सरंजामशाहीचा आरंभ पाहिला, ब्र. दु. चट्टोपाध्याय यांनी १९९४ मध्ये तिच्यात विघटनापेक्षा स्थानिक राज्यांची घडण पाहिली. या वादात कोणतीही बाजू घेतली तरी संहितेच्या रूपातील पालट तेवढाच ठळक राहतो. आज्ञा, प्रशस्ती आणि दानपत्र हे तीन रूपबंध म्हणजे सत्तेने आपल्या प्रजेशी ठेवलेल्या तीन प्रकारच्या अंतरांचे आलेख होत.

गिरनारच्या खडकावर सुदर्शनाविषयी चौथा लेख नाही. चौथी दुरुस्ती झालीच नाही, असा याचा अर्थ करता येणार नाही. खेड्यापाड्यांनी न लिहिता किती बांध घातले असतील, याची गणती कोणत्याच खडकावर नसते. थांबली ती एक बोली. फुटलेला बांध ही सर्वांची आपत्ती आहे, तो बांधणे हे राज्याचे काम आहे आणि ते केल्याचा हिशेब उघड्यावर द्यावयाचा आहे, असे मानणारी. प्राचीन तलाव आज अस्तित्वात नाही. साम्राज्याच्या ऱ्हासाची तारीख आपण राजाच्या मृत्यूत वा परचक्रात शोधतो. गिरनारच्या खडकावर ती तारीख कोरलेली नाही. तेथे शेवटच्या ओळीनंतरचा मोकळा दगड आहे, आणि सुविशाखाने जी कामाला लावली तरी ज्यांची नावे कोणी लिहिली नाहीत, त्या हातांविषयीचे मौन आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने प्रशस्तीची अक्षरे वाचावीत. समीक्षकाला हे मौनही संहितेचा भाग म्हणूनच वाचावे लागेल.